सहालग सुरू व्हायच्या आत

लखनौतल्या मराठी मंडळींना, आणि ज्यांची मुलं नोकरीसाठी इकडे आली आहेत अशा महाराष्ट्रातल्या आईवडिलांना हे आवाहन आहे. घाईनं लिहितो आहे, कारण दिवाळी उरकली. देवउठनी एकादशी झाली, तुळशीचं लग्न लागलं की इकडची सहालग, म्हणजे लग्नसराई, सुरू होईल. कानपूर रोडवरच्या मॅरेज लॉनची रंगरंगोटी चालू आहे. याच दिवसांत सरोजिनी नगरातल्या भाड्याच्या खोल्यांमधले फोन वाजायला लागतात. स्थळ आलंय, सुट्टी टाक. त्यातली काही मुलं ज्याला रूममेट म्हणतात तो त्यांचा जोडीदार असतो, आणि घरी ते कुणाला ठाऊक नसतं. या मुलांची लग्नं या मोसमात उरकून टाकू नका, हे पहिलं मागणं. दुसरं मागणं सोपं वाटेल पण ते जास्त अवघड आहे: या दोघांना एक तरी तिसरं माणूस मिळू द्या.

सरोजिनी नगर म्हटल्यावर दिल्लीचं कपड्यांचं मार्केट डोळ्यांपुढे आणू नका. ही लखनौच्या दक्षिण टोकाची तहसील. अमौसी विमानतळ, नादरगंजचे कारखाने, शेजारी ट्रान्सपोर्ट नगर, आणि 2019 पासून विमानतळापर्यंत येणारी मेट्रो. बाहेरगावची पोरं इथे खोली घेऊन राहतात. घरमालक दोन मुलांना खोली आनंदानं देतो. त्याची अट एकच, मुली आणायच्या नाहीत. ही अट ते दोघं इतक्या चटकन मान्य करतात की मालकाला त्यांचं कौतुक वाटतं! पुढे कधी शेजारच्या कुणीतरी कान भरले की त्याच कौतुकाचं रूपांतर "महिनाअखेर खोली खाली करा" मध्ये होतं.

अशा खोलीत गाद्या दोन असतात. एक रोजची, दुसरी गुंडाळून कपाटावर ठेवलेली. गावाहून आई किंवा भाऊ येणार असला की ती खाली उतरते, झटकून दुसऱ्या भिंतीला लागते. फोटो पाकिटात जातो. कधीकधी तर एकजण बॅग भरून चार दिवस सहकाऱ्याकडे झोपायला जातो आणि "ऑफिसचं काम निघालं" म्हणून सांगतो. पाहुणे परत गेल्यावर गादी पुन्हा कपाटावर जाते, पण त्या चार दिवसांचं भांडण खोलीतच राहतं.

या भांडणाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण प्रेमाबद्दल सगळे बोलतात, भांडणाबद्दल कुणी बोलत नाही. हा मुलगा चौदा-पंधराव्या वर्षापासून लपवायला शिकलेला असतो. मेसेज पुसणं, "मैत्रीण आहे का" या प्रश्नावर हसून विषय बदलणं, आवाज सपाट ठेवणं, यात तो तरबेज असतो. शाळेत आणि घरात याच कसबानं त्याला वाचवलेलं असतं. पुढे जोडीदार भेटतो, दोघं एका छताखाली येतात, आणि तेच कसब आता उलटतं. वाईट वाटलं तरी तो सांगत नाही. राग आला की गप्प बसतो. समोरचाही त्याच शाळेत शिकलेला. मग दोघंही आपापल्या मोबाइलकडे बघत जेवतात आणि नेमकं काय बिनसलं हे दोघांनाही सांगता येत नाही. विशीतल्या मुलींना मैत्रिणींशी, बहिणींशी बोलून जे थोडंफार उमगतं, आणि इतर मुलांना निदान मित्रांच्या टिंगलीतून जे कळतं, ते या दोघांना एकमेकांवरच घोटवून शिकावं लागतं.

त्यात दोघांचा वेग सारखा नसतो. एकानं बहिणीला सांगितलेलं असतं, दुसऱ्यानं कुणालाच नाही. ज्यानं सांगितलं त्याला वाटतं, याला माझी लाज वाटते. ज्यानं सांगितलं नाही त्याला वाटतं, याचं काय जातं, याची बहीण शिकलेली आहे, माझ्या घरी तलवारी निघतील. दोघंही खरं बोलत असतात. इथे माझं मत स्पष्ट आहे: घरी कधी सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. जोडीदारानं मुदत घालू नये, आणि मित्रांनी तर मुळीच नाही. पण न सांगणाऱ्यानंही दुसऱ्याला कायमचा कपाटावरच्या गादीसारखा गुंडाळून ठेवू नये. निदान एका माणसाला, आपल्या बाजूच्या एका तरी माणसाला, त्याचं नाव कळू द्यावं.

आपल्याकडे नवरा-बायकोचं वाजलं की मध्यस्थीला माणसं तयार असतात. मामा येतो, आत्या येते, समोरच्या काकू चहाला बोलावून एकीचं ऐकून घेतात. कधी त्या मध्यस्थीचा जाच होतो हेही खरं. पण दोघांतला ताण मोजायला बाहेरचं कुणीतरी असतं. या दोन मुलांना असं कुणी नसतं. मग एकच मुलगा दुसऱ्याचा मित्र, भाऊ, आई, डॉक्टर आणि सावकार अशी सगळी पदं सांभाळतो. एवढं ओझं कुठलंच नातं फार दिवस पेलत नाही. अशी जोडपी तुटतात तेव्हा "ही नाती टिकतच नाहीत" असं म्हणायला सगळे पुढे येतात. त्या नात्याला आधाराला किती माणसं होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिसऱ्या माणसाचं काम काय? तर भांडणानंतर एकाला तासभर आपल्या घरी बसू देणं, दोन्ही बाजू ऐकून घेणं, आणि ऐकलेलं बाहेर न बोलणं. सणाला दोघांना एकत्र जेवायला बोलावणं. त्यांचं नातं टिकवायचा ठेका त्यानं घेऊ नये. काही जोडप्यांनी वेगळं होणंच बरं असतं. एकजण हात उचलत असेल तर दुसऱ्याला तिथून बाहेर काढणं हेही त्याच तिसऱ्या माणसाचं काम.

आता कुणी म्हणेल, पोरांनी एवढं घाबरायचं कशाला, कायदा बदलला की. बदलला, आणि तो बदलण्यात या शहराचाही वाटा आहे. 2001 च्या जुलैत लखनौ पोलिसांनी भरोसा ट्रस्ट आणि नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल या संस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले. एचआयव्हीबद्दल माहिती देणाऱ्या चार कार्यकर्त्यांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 खाली अटक झाली, आरोग्याची माहितीपत्रकं पुरावा म्हणून जप्त झाली. त्यांतले आरिफ जाफर 47 दिवस तुरुंगात होते. पुढे 2006 च्या जानेवारीत याच शहरात इंटरनेटवरच्या गप्पांचं आमिष लावून चार जणांना पकडलं गेलं. आरिफ जाफर 2018 मध्ये स्वतः सर्वोच्च न्यायालयात याचिकाकर्ते म्हणून गेले, आणि त्या वर्षी 6 सप्टेंबरला दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं 377 रद्द झालं. लखनौत 2017 पासून अवध प्राइडची पदयात्राही निघू लागली होती. पण ज्यांचं बालपण त्या छाप्यांच्या बातम्यांच्या सावलीत गेलं, त्यांच्या घरात भीती अजून मुक्कामाला आहे. निकाल लागला म्हणून ती एका रात्रीत जात नाही.

आणि लग्नाचा हक्क मिळालेला नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयानं तो नाकारला. त्या प्रकरणातल्या याचिकाकर्त्यांत समीर समुद्र आणि अमित गोखले हे अमेरिकेत राहणारं मराठी जोडपंही होतं. म्हणून नात्याचा कागद नाही, आणि जिथे कागद लागतो तिथे या मुलांची अडचण होते. दवाखान्याच्या अर्जावर "पेशंटशी नातं" अशी ओळ असते. तिथे "मित्र" लिहिलं तर बाहेर बसवतील या भीतीनं पोरं "चुलत भाऊ" लिहितात, आणि मग आडनावं का जुळत नाहीत याचा खुलासा करत बसतात.

तरीही जे हातात आहे ते या मुलांनी आजच करून ठेवावं. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला समलिंगी व्यक्तींना कुठलीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 14 तर फारच उपयोगी आहे. मानसिक उपचारांच्या बाबतीत आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे कुठलाही सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतो. त्याला वकील लागत नाही, नातं रक्ताचं असावं लागत नाही. ज्या मुलाला घरचे "इलाजासाठी" कुठेतरी भरती करतील अशी धास्ती आहे, त्यानं हा कागद लिहून त्याची एक प्रत जोडीदाराकडे आणि एक त्या तिसऱ्या माणसाकडे ठेवावी.

इलाजाचा विषय निघालाच आहे तर आईवडिलांना सरळ सांगतो. समलैंगिकता हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषध नाही. ती बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. बाबा-बुवांचा तर विचारच नको. आणि "लग्न झालं की सुधारेल" हे सगळ्यांत क्रूर औषध आहे, कारण ते तुमच्या मुलाला पाजताना तुम्ही एका परक्या मुलीच्या घशात ओतता. तिचा काय गुन्हा? वर्षभरानं ती माहेरी परत येईल तेव्हा गावात तिच्याबद्दल बोललं जाईल, तुमच्या मुलाबद्दल नाही. मुलाला मुली आवडत नाहीत हे माहीत असून, किंवा तशी शंका असून, त्याची पत्रिका बाहेर देणं म्हणजे त्या मुलीची फसवणूक आहे.

ज्यांना हे बोलणं जिभेवर येत नाही त्यांनी रोहन कानवडे यांचा "साबर बोंडं" हा मराठी चित्रपट पाहावा. 2025 च्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांसाठीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, लग्नाचा लकडा लावणारे नातेवाईक, आणि सगळं ठाऊक असूनही मुलाच्या बाजूला असलेली आई त्यात आहे. ती आई काही मोठी भाषणं करत नाही.

लखनौतल्या मराठी माणसांनाही माझं एक सांगणं आहे. पंडित भातखंड्यांनी 1926 मध्ये इथे संगीताचं कॉलेज काढलं तेव्हापासून, आणि चौक भागात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्याला आलेल्या विटा-आटपाडीकडच्या कुटुंबांमुळे, आपली माणसं या शहरात आहेत. परगावात एकट्या पडलेल्या मराठी पोराला गणपतीत मोदक खायला बोलावण्याची आपली पद्धत आहे. त्याच्याबरोबर जो येईल त्यालाही पाट मांडा. "हा कोण?" असं विचारलंत आणि तो अडखळला, तर पुढचा प्रश्न विचारू नका, वाढत राहा. ज्यांच्याकडे भाड्यानं द्यायची खोली आहे त्यांनी अकरा महिन्यांचा करार संपताना भाडं वेळेवर आलं का आणि भिंतींना भोकं पडली का, एवढंच पाहावं.

आणखी एक तातडीचं. डेटिंग अॅपवर ओळख काढून भेटायला बोलावायचं, व्हिडिओ काढायचा आणि "घरी पाठवू" म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार उत्तर प्रदेशातल्या शहरांत घडत आहेत. अशा वेळी पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खालचा गुन्हा. मेसेज पुसू नका, 112 ला फोन करा, आणि पोलीस ठाण्यात एकटे जाऊ नका. तिसरं माणूस लागतं ते इथेही. घरच्यांकडून जिवाला धोका असेल तर उच्च न्यायालयात संरक्षण मागता येतं. अशा जोडप्यांना आधी तात्पुरतं संरक्षण द्या आणि त्यांची आवड बदलायला समुपदेशन लादू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 मार्च 2024 ला सगळ्या न्यायालयांना बजावलं आहे. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. रात्री झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. जोडीदार जवळ असला तरी हा फोन करा, त्याच्यावरचा भार तेवढाच कमी होईल.

ज्या घरांतून या मोसमासाठी मुलाचा बायोडेटा विवाह मंडळात किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आहे आणि मुलगा "आत्ता नको" एवढंच म्हणतो आहे, त्यांनी तो या आठवड्यात परत मागवावा. कारण विचारलं तर "मुलाचीच अजून तयारी नाही" म्हणून सांगावं, ते खोटं नाही. मग मुलाला फोन करावा, आणि खोलीवर कोण असतं, तो जेवला का, हेही विचारावं.