वर्षावासात कोसंबींनाही वाचू या

आषाढ पौर्णिमा आली की आमच्या घोटी-इगतपुरीकडच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन सुरू होते, ते अश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. प्रथा चांगलीच आहे. पण अनेक ठिकाणी तिचे पारायण झाले आहे, हे आम्ही स्पष्ट बोलणार. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचे आणि उठायचे. प्रश्न कुणी विचारत नाही. पोथीपुढे हातच जोडायचे होते तर 1956 साली नागपूरला जायचे कारण काय होते?

म्हणून यंदा या ग्रंथाशेजारी धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ ठेवावे, असे आम्हाला वाटते.

लगेच आक्षेप येतो. कोसंबी सारस्वत ब्राह्मण, गांधींचे अनुयायी, ते कशाला? माहिती खरी आहे. मिठाच्या सत्याग्रहात ते होते, 4 जून 1947 ला सेवाग्रामलाच वारले. गांधींच्या बाबतीत आमचा त्यांच्याशी मतभेद आहे आणि राहील. पण जात पाहून ज्ञान घेणे-नाकारणे ही मनूची रीत, आपली नव्हे.

माणूस काय होता ते बघा. 1876 साली गोव्यात साखवाळला जन्म. बुद्ध मुळात काय म्हणाले हे कळावे म्हणून घर सोडले, 1902 साली श्रीलंकेत जाऊन पाली शिकले. पुढे कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांच्या महिना 50 रुपयांवर महाराष्ट्रात आले, कारण बुद्ध मराठीत सांगायचे होते. बडोद्याच्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ 1910 साली निघाले. हार्वर्डला चार वेळा जाणारा हा पंडित परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार काढून राहिला.

आता मुद्द्याचे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडले, ही गोष्ट आजही आपल्याच पोरांना सांगितली जाते. कोसंबींनी दाखवले, की ती मूळची महापदान सुत्तातल्या विपस्सी बुद्धाची. स्वतः बुद्ध अत्तदंड सुत्तात सांगतात ते माणसांनी एकमेकांवर उगारलेल्या शस्त्रांबद्दल. म्हणून कोसंबी शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे वळतात. बाबासाहेबांनीही ती गोष्ट नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला.

हे घोटीच्या पोराला फोडून सांगावे लागत नाही. आपल्या तालुक्यात धो धो पाऊस. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा, एवढी धरणे. पाणी खाली गोदावरीकडे जाते, तिकडे मुंबईला जाते, आणि वैशाखात वाड्यापाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन पायपीट करतात. पाण्यावरून माणसे कशी हातघाईवर येतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

दोघांत फरकही आहे आणि चर्चा तिथेच रंगेल. बाबासाहेबांच्या ग्रंथात शाक्य संघाची सभा भरते, युद्धाचा ठराव बहुमताने पास होतो आणि विरोध करणारे सिद्धार्थ एकटे पडतात. देशत्याग ते स्वतः पत्करतात. संविधान लिहिणाऱ्या माणसाने बहुमताची चूक इतकी ठळक का मांडली असेल? हा प्रश्न विहारात मोठ्याने विचारा.

कोसंबींचे सगळे पटणार नाही. मांसाहारावरचे प्रकरण वाचले त्या संध्याकाळी तर भांडणच होईल. होऊ द्या.