पावणेदहाची खुर्ची

मी एसटीत वाहक होतो. बरीच वर्षं भूम-परंड्याकडच्या मुक्कामी गाड्यांवर काढली. रात्री गाडी गावात लावायची, मारुतीच्या देवळात पथारी टाकायची आणि सकाळी सहाला डबल बेल द्यायची. गाडीत कॉलेजची पोरं असत, दवाखान्याला निघालेली म्हातारी असे, खव्याचा डबा मांडीवर धरून बसलेला एखादा असे. खवा उन्हाच्या आत बाजारात पोचायला हवा. आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला की कुणाची तरी पुढची गाडी चुकायची आणि दिवस वाया जायचा.

निवृत्तीनंतर शेजारच्या शेतकऱ्याबरोबर फेरफाराच्या कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो. तो पहाटेच उठून धुतलेला सदरा घालून निघाला होता. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले. दहा वाजता आम्ही टेबलापुढे उभे होतो. पंखा चालू, खुर्ची रिकामी. साडेअकराला साहेब आले आणि मान वर न करता म्हणाले, "उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा तिकीट, पुन्हा मजुरी बुडाली.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्या बदल्यात रोजचं काम 45 मिनिटांनी वाढलं आणि वेळ ठरली सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा. कर्मचाऱ्यांना शनिवार मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण त्या व्यवहारात लोकांच्या वाट्याला पावणेदहा आले, ते त्यांना मिळालेच पाहिजेत.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी मुलं अभ्यासिकेत रात्री जागून सरकारी नोकरीत जातात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. परीक्षा केंद्राचं फाटक वेळेवर बंद होतं म्हणून तुम्ही तासभर आधी जाऊन उभे राहिलात. तीच तळमळ आता टेबलापुढच्या माणसासाठी ठेवा. खेड्यातल्या माणसाला सरकार पहिल्यांदा दिसतं ते तुमच्या खुर्चीत. तिथं वेळेवर कुणी भेटलं, "बसा काका" म्हणालं, तर कामाला आठ दिवस लागले तरी त्याचा भरवसा टिकतो.

मुक्कामाच्या एका गावात बायका म्हणायच्या, "गाडी गेली, सहा वाजले." नोकरीत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. तुमच्या दारातल्या शेतकऱ्यानंही तुम्हाला येताना पाहून घड्याळ लावावं.