फुकटच्या खेळाची खरी किंमत

परीक्षा संपल्या की घरातील संगणकाचा ताबा मुलांकडे जातो. मित्राने पेनड्राइव्हवर आणलेला किंवा इंटरनेटवरून फुकटात उतरवून घेतलेला एखादा महागडा खेळ त्यावर बसविला जातो आणि ‘पैसे वाचले’ म्हणून वडीलधारी मंडळीही समाधान मानतात. वाण्याने चुकून जास्त दिलेले दहा रुपये ज्या घरातून परत केले जातात, त्याच घरात ही चोरी मात्र चोरी वाटत नाही. हा दुटप्पीपणा संस्काराच्या दृष्टीने घातक आहेच. परंतु निव्वळ व्यवहाराच्या कसोटीवरही तो महागात पडणारा आहे.

मूळ खेळात परवाना तपासणारी व्यवस्था असते. ती फोडून चोरटी प्रत तयार केली जाते. ही तोडफोड कोणी केली आणि ती करताना आत आणखी काय दडवून ठेवले, हे कळण्याचा कोणताही मार्ग सामान्य माणसापाशी नसतो. सोबतच्या सूचनांत तर अनेकदा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असेच सांगितलेले असते. म्हणजे चोराने पहारेकऱ्याला रजा द्यायला सांगावी आणि घरमालकाने ती आनंदाने द्यावी!

याचा परिणाम काय होतो, हे ‘क्राकोनोश’ प्रकरणाने दाखवून दिले आहे. ‘अवास्ट’ या झेक सुरक्षा कंपनीने जून २०२१ मध्ये ते उघडकीस आणले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’, ‘फार क्राय ५’, ‘द सिम्स ४’ अशा लोकप्रिय खेळांच्या चोरट्या प्रतींमध्ये हा घातक प्रोग्राम लपविलेला होता. तो संगणकातील सुरक्षा यंत्रणा काढून टाकी, विंडोजची अद्ययावतीकरणे बंद पाडी आणि मालकाच्या नकळत ‘मोनेरो’ हे आभासी चलन निर्माण करण्यासाठी संगणकाला राबवीत असे. जगभरातील २ लाख २२ हजारांहून अधिक संगणक त्याच्या कचाट्यात सापडले. त्यांत १३ हजारांहून अधिक भारतातील होते. गुन्हेगारांनी २० लाख डॉलरहून अधिक कमाई केली. वीज मात्र ज्याच्या त्याच्या घरची जळाली! येथे केवळ संगणक राबविला गेला. पण ज्या वाटेने असा प्रोग्राम शिरतो, त्याच वाटेने बँकेचे पासवर्ड चोरणाराही शिरू शकतो. मुलगा ज्या संगणकावर खेळतो, त्यावरूनच अनेक घरांत बँकेचे व्यवहार होतात, हे विसरून चालणार नाही.

कायदाही याबाबत मुका नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब नुसार, जाणूनबुजून चोरटे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण म्हणून घरातील वापर वैध ठरत नाही.

‘मग मध्यमवर्गीयांच्या मुलांनी खेळूच नये काय?’ असा प्रश्न विचारला जाईल. नवा मोठा खेळ कित्येक हजार रुपयांना पडतो, हे खरेच आहे. परंतु चोरी किंवा खरेदी एवढेच दोन मार्ग नाहीत. लिनस टोरवाल्ड्स या फिन्निश तरुणाने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सभोवती मुक्त सॉफ्टवेअरचे मोठे विश्व उभे राहिले आहे. लहानग्यांसाठी ‘जीकॉम्प्री’ आणि ‘टक्स पेंट’, शर्यतीची हौस असणाऱ्यांसाठी ‘सुपरटक्सकार्ट’, डावपेचांची आवड असणाऱ्यांसाठी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हे खेळ विनामूल्य मिळतात. ‘झिरो ए. डी.’ या खेळात तर ग्रीक-रोमनांच्या जोडीला आपले मौर्य साम्राज्यही आहे. विकत घेतलेले विंडोजवरील अनेक खेळही ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या ‘प्रोटॉन’मुळे लिनक्सवर चालतात. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अडगळीत जाऊ पाहणाऱ्या जुन्या संगणकांनाही लिनक्समुळे पुन्हा कामाला लावता येईल.

अर्थात लिनक्स म्हणजे जादूची कांडी नव्हे. ‘व्हॅलोरंट’, ‘फोर्टनाइट’ यांसारखे काही ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत. खेळही लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावेत. कोठूनही आणलेली चोरटी प्रत तेथेही धोक्याचीच.

मुलांना मित्रांसोबत वाटून खेळायला आवडते, ही वृत्ती वाईट नाही. चोरट्या प्रतीने तीच वृत्ती गुन्ह्याच्या वाटेला लागते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मात्र प्रत काढून दुसऱ्याला देण्याची मुभा देतो आणि आतील रचना अभ्यासण्याचीही. चोरटा खेळ मुलाला फार तर गिऱ्हाईक करील. मुक्त खेळ त्याला उद्याचा रचनाकार करू शकेल. पालकांनी एक रविवार मुलांसोबत संगणकापुढे बसून ही निवड करावी. वाचलेल्या पैशांपेक्षा ती अधिक मोलाची ठरेल.