अर्ध्यावर तुटलेले अपडेट

वाहनातील मायक्रोकंट्रोलरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या फ्लॅश मेमरीत कायम राहून ब्रेक, स्टिअरिंग किंवा बॅटरी सांभाळणारे सॉफ्टवेअर, गाडी ग्राहकाच्या हाती गेल्यावरही बदलता यावे ही आता सोय राहिली नसून रचनेची पूर्वअट झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर १५६ या नियमाने अपडेटची व्यवस्थाच मान्यतेच्या कक्षेत आणली, २०२३ मध्ये आयएसओ २४०८९ हे मानक आले आणि भारतात एआयएस १९० ने तीच वाट धरली. तरीही नवी इमेज, म्हणजे फर्मवेअरची लिहायची तयार प्रत, गाडीपर्यंत न्यायची कशी यावर आराखड्यांत जेवढा विचार दिसतो, तेवढा ती मध्येच तुटली तर काय, यावर दिसत नाही.

गाडीतील नियंत्रकांना जोडणारी, सेकंदाला ५०० किलोबिट वेगाची कॅन बस पूर्ण मोकळी धरली, तरी एका संदेशात इमेजचे जेमतेम ७ बाइट जात असल्याने २ मेगाबाइटला सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. फ्लॅश मिटवणे, लिहिणे आणि पडताळणे धरता हा वेळ आणखी वाढतो, आणि तेवढ्यात १२ व्होल्टची थकलेली बॅटरी मान टाकू शकते.

अशा वेळी अर्धवट लिहिलेल्या पानात केवळ चुकीचा डेटा उरतो असे नाही. फ्लॅशमधील चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या जादा बिटांचा, म्हणजे ईसीसीचा, मेळच तिथे बसत नाही, त्यामुळे ते पान नुसते वाचले तरी प्रोसेसर अपवाद उठवतो. ‘इमेज वैध आहे’ ही खूण नेमकी त्याच पानात असेल, तर ती तपासायला गेलेला बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, स्वतःच कोसळतो, अडकलेला प्रोसेसर रीसेट करणारा वॉचडॉग त्याला पुन्हा उठवतो, आणि हे चक्र गाडी वर्कशॉपमध्ये ओढून नेईपर्यंत थांबत नाही. प्रयोगशाळेच्या स्थिर पुरवठ्यावर हा दोष सहसा दिसत नाही. त्यासाठी लिहिण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वीज तोडून पाहण्याचा कंटाळवाणा खटाटोप करावाच लागतो.

जुनी इमेज फ्लॅशच्या एका भागात, म्हणजे बँकेत, शाबूत ठेवून नवी दुसऱ्या बँकेत लिहिण्याची पद्धत महाग खरी, कारण कोडसाठी दुप्पट फ्लॅश लागते. पण ब्रेकसारख्या घटकात ती टाळण्याची काटकसर परवडणारी नाही.

इमेजवरील डिजिटल स्वाक्षरी तपासण्याविषयी मात्र वाद उरलेला नाही. २०१५ च्या जीप चेरोकी हॅकिंग प्रकरणात संशोधकांना कॅन बसशी जोडलेल्या चिपमध्ये स्वतःचे फर्मवेअर घालता आले ते तिथे ही तपासणी नसल्यामुळेच, आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या रिकॉलमध्ये आल्या. कमी बोलला जाणारा प्रश्न आवृत्ती-काउंटरचा आहे. जुने, सदोष पण रीतसर स्वाक्षरी असलेले फर्मवेअर कुणी पुन्हा घालू नये म्हणून हा काउंटर फक्त वर जातो; नव्या इमेजची पडताळणी होताच बूटलोडरने तो वाढवला आणि ती इमेज पुढे चालूच शकली नाही, तर शाबूत असलेली जुनी बँकही नाकारली जाते. म्हणून नव्या फर्मवेअरने सुरू होऊन बसवरील इतर ईसीयूंशी, म्हणजे नियंत्रकांशी, संवाद साधल्यावर आणि स्वतःची तपासणी पार पाडल्यावरच काउंटर वाढवण्याची विनंती करावी, हा क्रम आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा.