दंग्याची ठिणगी कुठे पडते?

शहरात दंगा झाला की दोन उत्तरे तयारच असतात. पोलीस म्हणतात, हे गुंडांचे काम. शेजारीपाजारी म्हणतात, बाहेरून आलेल्यांचे. मुंबईच्या प्लेगची हकीगत मात्र वेगळेच काही सांगते.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग आढळला. रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात नेण्याची सक्ती झाली. आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेला रुग्ण बहुधा परत येत नसे, कारण तो पोहोचायचाच शेवटच्या घटकेला. पण चाळीचाळींतून बोलले जाई ते असे, की तिथे माणसे मारून त्यांच्या अंगाचे तेल काढतात! ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. हे गुंड होते का? भोंगा वाजताच साच्यावर हजर होणारी साधी माणसे होती ती.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा आला. तपासणी, झडती, सामानाची जाळपोळ, सारे कायदेशीर झाले. पुण्यात तर गोरे शिपाई माजघरापर्यंत शिरले. त्याच संतापातून जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

मुंबईत भडका उडाला 9 मार्च 1898 रोजी. मदनपुऱ्यात मुसलमान विणकरांची वस्ती होती. तिथल्या एका आजारी मुलीला तपासायला पथक आले. परपुरुषाने मुलीला हात लावायचा, हे घरच्यांना मान्य होईना. बाचाबाची, दगडफेक, मग गोळीबार. पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवान यांनी काम बंद ठेवले. एका खोलीतला वाद असा बंदरापर्यंत पोहोचला.

लोक अडाणी होते, औषधालाच विरोध होता, असे म्हणणे सोपे आहे. मग त्याच काळात निरनिराळ्या जातीजमातींनी स्वतःची प्लेग-इस्पितळे काढली, तिथे हेच लोक आपली माणसे कशी घेऊन गेले? तिथे ओळखीचा माणूस होता, आपले अन्न होते, बायकांचा पडदा सांभाळला जात होता. सरकारलाही हे उमगले आणि दंग्यानंतर सक्ती सैल झाली. आधी का नाही उमगले, हा प्रश्न उरतोच.

तो 1897 चा कायदा पुढे करोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला. 2020 मध्ये काही शहरांत तपासणीला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगड पडले. एप्रिलमध्ये सरकारने अध्यादेश काढून अशा हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. घरात शिरणाऱ्याने आधी काय सांगावे, कुणाला सोबत आणावे, याबद्दल त्या अध्यादेशात अक्षर नव्हते.