डबाबंद टर्की : चरबी कमी, पण मीठ बघा!

तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर कामावरून थकून आल्यावर पिझ्झा मागवण्याऐवजी डबाबंद टर्की जरूर करून पाहा. मांस आधीच शिजलेलं असतं, प्रथिनं भरपूर असतात आणि कातडी नसलेल्या छातीच्या मांसात चरबी अगदी कमी असते. मात्र मेयोनीज घातलंत, तर हा फायदा गेलाच!

खरी काळजी मिठाची. लेबलवर सोडियमची टक्केवारी बघा : 5 किंवा त्याहून कमी म्हणजे कमी, 20 किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त. डब्यातलं पाणी ओतून टाका, तुकडे धुवा, थोड्या तेलात कांदा-टोमॅटोबरोबर परता. वरून मीठ नको. सोबत पोळी आणि कोशिंबीर घ्या.

रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.