उत्तरास लागलेला वेळ

हल्ली मोबाईलवर किंवा संगणकावर एखादी प्रश्नावली भरून देण्याचा प्रसंग घरोघरी येतो. बँक विचारते, शाळा विचारते. 2027 च्या जनगणनेतही कुटुंबाची माहिती आपली आपण भरण्याची सोय सरकारने जाहीर केली आहे. आपण काय उत्तर दिले एवढेच टिपले जाते, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु कित्येक प्रश्नावल्यांत प्रत्येक प्रश्नावर आपण किती सेकंद थांबलो, याचीही नोंद आपोआप होत असते.

ही कल्पना नवी नव्हे. नेदरलंडचे डॉन्डर्स यांनी 1868 साली, उत्तरास लागणारा वेळ मोजून मनाचे व्यापार जाणण्याचा मार्ग दाखविला. आजचे अभ्यासक त्याच वाटेने जातात. ज्याने दर शब्दामागे सेकंदाचे तीन दशांशही खर्चिले नाहीत, त्याने प्रश्न नीट वाचलाच नसावा, असे ते धरतात. इतपत आम्हांस मान्य आहे. मत पक्के असले की उत्तर झटकन येते, हेही अनुभवास धरूनच आहे. मात्र वयस्क व कमी शिकलेल्या माणसांस अधिक वेळ लागतो, असेही आढळले आहे. तेव्हा विलंबावरून मनाची चलबिचल ओळखावी की चष्म्याचा नंबर?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात तर हे मोजमाप फारच जपून वापरावयास हवे. भामरागड किंवा एटापल्लीकडील माडिया गृहस्थास मराठीत प्रश्न आला, तर तो आधी स्वतःच्या बोलीत आणावा लागतो, तेथे त्याचा विचार व्हावयाचा, मग उत्तर पुन्हा मराठीत. एवढ्या येरझारा घालणाऱ्यास घड्याळाने अडाणी किंवा लबाड ठरवावे, हा न्याय नव्हे. शिवाय मध्येच रेंज गेली, तर खोळंबा यंत्राचा आणि नाव माणसाचे!

याउलट चटकन आलेले उत्तर तरी खरे असते काय? डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत 650 स्त्रियांची तपासणी केली. ती 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पैकी शेकडा 45 स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. प्रत्यक्ष तपासता सर्वांपैकी शेकडा 92 जणींस स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार निघाला, आणि पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या होत्या अवघ्या शेकडा 8. काही विकार लक्षणे न दाखविताच वाढतात, हे खरे. तरीही दुखणे हा बाईचा भोगच, असे लहानपणापासून मनावर ठसलेली स्त्री 'काही त्रास नाही' असे म्हणावयास किती वेळ घेईल? क्षणभरही नाही, असे आम्हांस वाटते. सेकंद मोजणाऱ्यास हे उत्तर निःशंक दिसेल, आणि आजार तसाच राहील.

सुशिक्षित घरांतही सासूसासऱ्यांदेखत भरलेली प्रश्नावली याहून फार निराळी नसते. म्हणून आरोग्यविषयक प्रश्न आले असता सुनेस ते एकटीने, निवांत भरता येतील अशी सोय वडीलधाऱ्यांनी करून द्यावी. आजींची उत्तरे नातवाने परस्पर भरून टाकू नयेत. प्रश्न त्यांस मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्या बोलेपर्यंत थांबावे.